अर्थिंग

माळ्यावरून खाली उतरवला
तेव्हा अॅम्प्लिफायरवर आईच्या हातचा क्रोशाचा रुमाल तसाच होता,
आणि वरच्या जाळीतून आत सांडलेला तंबाखूचा भुगा.
याच्याशेजारी सूप मांडून ती विड्या वळायची.
बंडल मोजताना गाणं बंद करायची नाही,
तिच्या आकड्यांनाच चाल लागायची :
बावीस, तेवीस, मग कडवं संपेतोवर नुसता दोरा.

अण्णांनी तो अठ्ठ्याऐंशीच्या बोनसात घेतला,
उरलेले पैसे सात हप्त्यांत.
पाच ते नऊमधले आकडे बटणाभोवतून पुसून गेलेत.
दरवर्षी एकेक घर पुढं सरकत गेला आवाज
कारखान्यातले माग अण्णांचे कान खात होते तसतसा.
नऊवरही काही लागेना
तेव्हा त्यांनी स्वतःच तो बांधून वर टाकला.
साखर पेठेतल्या शेजाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.
आम्हीही सोडला असेल.

माझा लॅपटॉप कंपनीचा.
त्याचं गाणं म्हणजे काडेपेटीत कोंडलेली माशी.

नवी पेठेत इलाही बागवानांनी केबल दिली,
एका टोकाला एक पिन, दुसऱ्याला दोन, लाल नि पांढरी.
"फोनोत घालू नका ताई, आवाज फाटंल.
ऑक्समध्ये घाला. ऑक्स नसंल तर टेपमध्ये."
मी आधी फोनोतच घातली.
मांजरपाट टर्रकन फाडावं तसा फाटला.

मग ऑक्स.
आणि एवढी वर्षं ऐकलेल्या त्या गाण्यात
मागं कुणीतरी झांजा वाजवत होतं.
इतक्या हळू, की त्यालाही वाटत असावं
आपलं कोण ऐकतंय.

पण सगळ्याच्या खाली एक गुणगुण.
घुंऽऽऽ.
चार्जर काढला की गप्प, लावला की हजर.
चार्जरशिवाय बॅटरी वीस मिनिटांची.
मी केबल उलटी केली, सुलटी केली,
पिना साडीच्या पदराला पुसल्या,
शेवटी कॅबिनेटवर एक चापट मारली.

"काय हुडकलालीस गं?" दारातून अण्णा.
बहिऱ्या माणसाचा आवाज, गल्लीला पुरेल एवढा.
गुणगुण त्यांच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं.
ते जवळ आले,
मागाला लावायचे तसा उलटा हात
पत्र्याला टेकवला नि झटक्यात मागं घेतला.
"चावतंय.
अर्थ लागला नाय."

मी मराठीत एम. ए. केलेली.
क्षणभर भलतीकडंच गेले.

त्यांनी पक्कड आणली,
मागच्या एका स्क्रूखाली
(जीएनडी लिहिलेलं, मी त्याला शोभेचा समजत होते)
हिरव्या वायरचं टोक अडकवलं,
दुसरं टोक मोरीत नेऊन
लोखंडी नळाच्या पाइपला तीन वेढे.
त्या नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं.
वीज मात्र तिथून लगेच गेली.

घुं थांबलं.
अण्णांना ते थांबलेलं कळणार नव्हतं.
ते मोरीच्या उंबऱ्यावर उकिडवे बसून
माझ्या तोंडाकडं बघत होते.
"गेला?"
मी मान हलवली.
पुन्हा एकदा उलटा हात टेकवून त्यांनी स्वतःची खात्री केली,
पक्कड खिशात घातली
आणि कुठलं गाणं आहे ते न विचारता
चहा मागायला गेले.

पाचव्या दिवशी पहाटे पाणी आलं.
आईनं नळाला पाइप लावायला वायर सोडून ठेवली.
तासभर झांजांच्या खाली गुणगुण चालू राहिली,
हंडे भरेपर्यंत, मग पिंप, मग शेजारच्यांची एक घागर.
मी उठले नाही.
वायर परत कुणी गुंडाळली ते पाहिलं नाही,
फक्त ऐकलं.